सकाळचा तास आणि दुकानातली हवा

मार्च २०२० मध्ये, कोविडची साथ पसरत असताना, ऑस्ट्रेलियातल्या वूलवर्थ्स या सुपरमार्केटने १७ तारखेपासून सकाळी सात ते आठ ही वेळ फक्त ज्येष्ठ आणि दिव्यांग ग्राहकांसाठी राखून ठेवली. दोनच दिवसांनी ब्रिटनमध्ये सेन्सबरीजनेही दुकान उघडल्यानंतरचा पहिला तास असाच राखला. तेव्हाचा हेतू साधा होता. घाबरलेल्या गर्दीने फळ्या रिकाम्या करण्याआधी म्हाताऱ्या माणसांच्या हाती काही लागावं. पण या तासामागे विषाणूचं आणि हवेचं एक गणितही आहे, आणि ते गोव्याने तर नीट समजून घ्यायला हवं. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात साठीपुढच्या लोकांचं प्रमाण ११.२ टक्के होतं, केरळखालोखाल देशात सर्वांत जास्त. मुलं आखातात, पोर्तुगालमध्ये किंवा जहाजावर, आणि घरात दोघंच म्हातारी, अशी घरं इथे वाड्यावाड्यांवर आहेत. सामान आणायला तीच जातात.

आधी वयाचं बघू. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. अनोळखी जंतूला ओळखू शकणाऱ्या नव्या टी-पेशी तिथे तयार होतात. वयात आल्यापासून ही ग्रंथी आक्रसत जाते आणि साठीनंतर तिचं काम फारच थोडं उरतं. त्यामुळे शरीराने कधीच न पाहिलेला विषाणू आला की ज्येष्ठांची भिस्त जुन्या फौजेवरच राहते. लस येण्यापूर्वी, २०२० मध्ये अनेक देशांची आकडेवारी एकत्र करून काढलेला अंदाज असा होता: संसर्ग झालेल्यांपैकी मृत्यूचं प्रमाण ५५ व्या वर्षी सुमारे ०.४ टक्के, ६५ व्या वर्षी १.४, ७५ व्या वर्षी ४.६ आणि ८५ व्या वर्षी १५ टक्के. दर दहा वर्षांनी धोका तिपटीहून जास्त. गोव्यात कोविडने पहिला बळी घेतला तो २२ जून २०२० ला, ८५ वर्षांच्या गृहस्थांचा.

आता हवा. बाधित माणूस नुसता बोलला, श्वास सोडला तरी सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि बंद जागेत उदबत्तीच्या धुरासारखे पसरून रेंगाळतात. प्रयोगशाळेत केलेल्या मोजमापात हवेतल्या कणांमधला जिवंत विषाणू साधारण १.१ तासात निम्मा होत असल्याचं दिसलं. दुकान रात्री नऊला बंद झालं आणि सकाळी आठला उघडलं, तर मधल्या अकरा तासांत तो दहा वेळा निम्मा होतो. म्हणजे उरतो हजारातला जेमतेम एक भाग, तोही रात्रभर एक खिडकी उघडी नसताना. सकाळी पहिल्यांदा आत शिरणाऱ्याला आदल्या दिवसाच्या गर्दीचा श्वास घ्यावा लागत नाही. हा या तासाचा पक्का फायदा.

दुसरा फायदा सोबत कोणाची आहे यावर ठरतो, आणि इथेच गफलत होऊ शकते. समजा, गावात शंभरात एक जण बाधित आहे आणि दुकानात तीस गिऱ्हाइकं आहेत. त्यांत निदान एक तरी बाधित असण्याची शक्यता २६ टक्के येते. ज्येष्ठ मंडळी कमी फिरतात म्हणून त्यांच्यात तीनशेत एकच बाधित आहे असं धरलं, तर तेवढ्याच तीस जणांत ही शक्यता साडेनऊ टक्क्यांवर उतरते. चांगलंच झालं. पण सगळे ज्येष्ठ त्याच तासाला आले आणि आत नव्वद माणसं झाली, तर शक्यता पुन्हा २६ टक्के. वेळ राखून जे कमावलं ते गर्दीने घालवलं. म्हणून एका वेळी आत किती जण, हे दारावर मोजलं गेलंच पाहिजे. आत दहाच माणसं ठेवली तर हाच आकडा साडेतीन टक्क्यांच्याही खाली येतो. नुसता ‘ज्येष्ठांसाठी’ असा फलक लावणं मला अर्धवट काम वाटतं.

शरीरात किती विषाणू जातो हे आत काढलेल्या वेळावरही अवलंबून असतं, आणि ज्येष्ठांना वेळ लागतोच. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरते, मग उकड्या तांदळाच्या पिशवीवरची तारीख वाचायला चष्मा काढायचा, पुसायचा, पिशवी उजेडाकडे धरायची. खालच्या फळीवरचं तेल उचलायला कोणी तरी हाक मारण्याजोगं लागतं. घाई करायला लावणारं कोणी पाठीशी नसणं ही त्या तासातली मोठी सोय. सामान काढून द्यायला दोन माणसं ठेवली की आत राहण्याचा वेळही घटतो. मात्र तेच कर्मचारी दिवसभर सगळ्यांच्या संपर्कात असतात, तेव्हा मास्क त्यांच्या तोंडावर आधी हवा.

गोव्यात आणखी दोन अडचणी. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. त्या तासापुरता एसी बंद ठेवून समोरासमोरची दारं उघडली तर फरक पडतो. पण आपल्याकडचा पावसाळा! जुलैत दारं उघडी ठेवणं सोपं नाही, आणि सत्तरीच्या आजींना छत्री धरून बाहेर रांगेत उभं करणं त्याहून वाईट. रांगेवर ताडपत्री आणि चार खुर्च्या एवढी तरी तयारी हवी. वेळही बघावी लागेल. बसने येणाऱ्याला सातचा मुहूर्त काय कामाचा? मधुमेह असेल तर गोळी आणि नाश्ता उरकूनच निघता येतं. दुकान नऊला उघडून नऊ ते दहा राखलं तरी रात्रीच्या शांततेचा फायदा तसाच राहतो.

ज्यांना दुकानापर्यंत येणंच जमत नाही त्यांच्यासाठी गावात एक व्यवस्था आधीपासून आहे. सायकलवर भोंपू वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, आणि दारात पाटी उतरवणारी मासळीवाली. हा सगळा व्यवहार उघड्यावर, मिनिट-दोन मिनिटांत होतो, आणि वाऱ्यात कण विरून जात असल्याने बंद दुकानापेक्षा कितीतरी कमी धोक्याचा असतो. पुढच्या साथीत संचारबंदी लावताना या दोघांचा परवाना पहिल्याच दिवशी निघायला हवा, आणि त्यांच्याच फेरीत तांदूळ, तेल, औषधं पोचवता येतील का, हे पंचायतींनी आत्ताच ठरवून ठेवावं.