छोट्या विमानांचे होज : तारीख कोणती धरायची?

रबाळे एमआयडीसीत किंवा वागळे इस्टेटमध्ये जेसीबीचा फुटका होज, म्हणजे दाबाचं तेल वाहणारी लवचिक नळी, घेऊन जा. माप घेऊन तसाच तुकडा कापतात, दोन्ही टोकांना फिटिंग क्रिंप करतात (म्हणजे दाबून पक्कं बसवतात) आणि तासाभरात नवा होज हातात ठेवतात. त्याचं वय कोणी विचारत नाही. फुटला की बदलायचा, एवढाच नियम. छोट्या विमानाच्या इंजिनावरचा होज दिसायला त्याचाच भाऊ: आत रबरी नळी, तिच्यावर विणलेली जाळी, वर आवरण. पण तो फुटायच्या आधी बदलावा लागतो. ‘आधी’ म्हणजे नेमकं कधी, हे ठरवताना नियमांचे थर चढत गेले.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगतो. गंधक घालून तापवलं की रबर टिकाऊ होतं, हे १८३९ मध्ये कळलं. विमानाच्या होजची परिभाषा मात्र बरीचशी लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धातली आणि त्यानंतरच्या वर्षांतली. माप इंचाच्या सोळाव्या भागांत. त्यातही गंमत अशी की मध्यम दाबाच्या जुन्या लष्करी मालिकेत ८ नंबरच्या होजचं भोक अर्धा इंच नसतं, १३/३२ इंच असतं, कारण नंबर जोडीच्या धातूच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून दिलेला. १९५८ मध्ये आपल्याकडे ‘पुष्पक’ हे दोन आसनांचं छोटं विमान उडालं आणि पुढे फ्लाइंग क्लबांत रुळलं. त्या काळी स्क्रूने बसणारी, पुन्हा वापरता येणारी फिटिंग्ज सर्रास असत. फिटर होज कापायचा, टोक चढवायचा, नट आणि सॉकेटमध्ये १/३२ ते १/१६ इंच फट ठेवायचा आणि कामाच्या दुप्पट दाबाने तपासायचा. फुटण्याचा दाब साधारण चौपट धरलेला.

आता खरा गुंता, ‘क्युअर डेट’. नवी मुंबईत क्युअरिंग म्हटलं की स्लॅबवर पाणी मारणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे अर्थ वेगळा आहे: रबर भट्टीत पक्कं झालं ती तारीख. ती तिमाहीत छापतात. ‘२क्यू१९’ म्हणजे २०१९ ची दुसरी तिमाही. औषधाच्या पट्टीची सवय लागलेले लोक तिला एक्सपायरी समजतात, आणि चांगले अनुभवी लोकही समजतात. वास्तविक ती रबराची जन्मतारीख. तिच्यावरून गोदामातलं वय मोजायचं. होज विमानावर चढल्यापासूनची सेवा वेगळी, आणि ती मोजायला बसवल्याची तारीख लागते. शिवाय रबर एका तारखेचं आणि त्यातून होज तयार झाला दुसऱ्या तारखेला, असंही होतं. म्हणजे तारखा तीन, आणि लॉगबुकात बहुतेकदा एकच लिहिलेली. समजा होजची मुदत पाच वर्षांची आहे; तीन वर्षं फडताळात पडलेला होज आज बसवला तर ती पाच वर्षं कुठून सुरू? उत्तर उत्पादकाच्या पुस्तकात शोधावं लागतं, आणि सगळी पुस्तकं एका सुरात बोलत नाहीत. माझ्या मते या गोंधळाने जितके चांगले होज कचऱ्यात गेले, तितकेच वाईट होज इंजिनावर राहिले असतील.

मुदतीचं बंधन सरसकट आलं नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत एका लोकप्रिय विमानमालिकेच्या ऑइल कूलरच्या (इंजिनाचं तेल थंड करणाऱ्या भागाच्या) होजवर सक्तीचा आदेश निघाला. १९९५ च्या अखेरीस त्याची जागा नव्या आदेशाने घेतली: नियमित तपासणी, आणि ८ वर्षं किंवा १,००० तास, जे आधी होईल तेव्हा बदल. वरच्या दर्जाचा आगरोधक होज बसवला तर या फेऱ्यातून सुटका. कूलरचा होज गेला की काही मिनिटांत तेल संपतं आणि इंजिन अडकतं, म्हणून कडकपणा तिथून सुरू झाला. दुसऱ्या एका मोठ्या उत्पादकाने इंजिनाच्या कप्प्यातल्या रबरी होजना ५ वर्षं आणि टेफ्लॉनच्या होजना १० वर्षं दिली, किंवा इंजिनाचा ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती), जे आधी येईल ते. ‘हंसा’ या भारतीय प्रशिक्षण विमानावर बसणाऱ्या ऑस्ट्रियन इंजिनाच्या कुळातही रबरी होजना पाचच वर्षं.

यावर आक्षेप घेणारे म्हणतात, होज चांगला दिसतो, दाबाची चाचणी पास होतो, मग टाकायचा का? खर्चाच्या दृष्टीने मुद्दा खोटा नाही. पण दाबाची चाचणी एवढंच सांगते की होज आज फुटला नाही. आतलं अस्तर सुटलं असेल तर तो तुकडा झडपेसारखा वागतो. दाब टिकतो, प्रवाह अडतो. म्हणून टोकातून उजेड पाहतात किंवा योग्य मापाची पोलादी गोळी आरपार जाते का ते बघतात. कडक झालेला होज चाचणीसाठी काढताना वाकवला की तिथेच तडकतो, ही आणखी एक अडचण. (चाचणी द्रवाने करायची, दाबलेल्या हवेने नव्हे, हवा भरलेला होज फुटला तर तुकडे उडतात.) टेफ्लॉनचं दुखणं वेगळं. पेट्रोल-तेलाने ते कडक होत नाही, पण उष्णतेत ज्या वाकात राहिलं तो वाक धरून ठेवतं. सरळ करायला गेलात तर मोडतं.

आपल्या हवेत हिशेब आणखी बिघडतो. उतरल्यावर इंजिन बंद केलं की कप्प्यातलं तापमान काही वेळ वाढतच राहतं, आणि मे महिन्यात आधीच सगळं तापलेलं असतं. पावसाळ्यात विमान उभं राहतं, इंधनाचा होज आतून सुकतो. तास वाढत नाहीत, वय वाढतं. तासांवर भरवसा ठेवणारा मालक इथेच फसतो.

भारतात प्रश्न निदान कागदावर सुटलेला आहे. देखभाल मंजूर कार्यक्रमाप्रमाणेच करावी लागते, आणि उत्पादकाची मुदत त्यात आली की ‘दिसायला ठीक आहे’ हे उत्तर चालत नाही. रबाळ्याचा होज विमानावर न चालण्याचं कारणही तिथेच. त्याचं क्रिंपिंग वाईट असतं असं नाही, पण रबर कुठल्या बॅचचं, चाचणी कोणी केली, सही कोणाची, याचा माग त्याच्यामागे नसतो. हल्ली तयार होजच्या टोकाला धातूचा टॅग येतो, पार्ट नंबर आणि तारखेसह. काही वर्कशॉपमध्ये त्याशेजारी रंगाने बसवल्याचा महिना लिहून ठेवतात. नियमात तसं सांगितलेलं नाही, पण तीन तारखांपैकी दोन तरी होजवरच वाचता येतात.