राउटरच्या खोक्यावरचा आकडा: घरच्या वायफायची पार्श्वभूमी

आज दीड-दोन हजार रुपयांत राउटर मिळतो आणि तीस हजारांच्या पुढचाही मिळतो. दोन्ही खोक्यांवर मोठ्या टायपात एक आकडा असतो: १२००, ३०००, ५४००, कधी त्याहून मोठा. घरात नेट नीट चालेल की नाही हे त्या आकड्यावरून फारसं कळत नाही, आणि हे आजचं नाही. वायफायची सुरुवात झाली तेव्हापासून हवेतला वेग एकीकडे आणि घरात येणाऱ्या तारेचा वेग दुसरीकडे राहिला आहे. मधली अडचण मात्र दर काही वर्षांनी जागा बदलते. महागडा राउटर पैसे वसूल करतो की नाही, हे ती अडचण तुमच्या घरात आज कुठे बसली आहे त्यावर ठरतं.

सुरुवात १९८५ ची. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ९०० मेगाहर्ट्झ, २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचे तीन पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. ते तोवर औद्योगिक यंत्रं, वैद्यकीय उपकरणं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसाठी ठेवलेले होते, त्यामुळे संदेशवहनासाठी त्यांच्यावर फारसा कुणाचा दावा नव्हता. त्यावर पहिलं गंभीर काम झालं ते दुकानांच्या गल्ल्यासाठी. एनसीआर ही कॅश रजिस्टर बनवणारी कंपनी, आणि तिला ही यंत्रं तार न ओढता जोडायची होती. तिच्या नेदरलँड्समधल्या चमूतले व्हिक हेज पुढे ८०२.११ या मानकाच्या, म्हणजे वायफायच्या तांत्रिक नियमांच्या, समितीचे अध्यक्ष झाले. १९९७ मध्ये आलेल्या पहिल्या मानकाचा वेग होता २ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). १९९९ मध्ये ‘बी’ आवृत्तीने तो ११ वर नेला. त्याच वर्षी ॲपलने २९९ डॉलरचं एअरपोर्ट बेस स्टेशन काढलं. त्यात फोनच्या लाइनसाठी ५६ केबीपीएसचा मोडेम होता (केबीपीएस म्हणजे एमबीपीएसचा हजारावा भाग). म्हणजे हवेत ११ एमबीपीएस आणि तारेत त्याचा सुमारे दोनशेवा हिस्सा.

आपल्याकडेही हेच प्रमाण दिसलं. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ४ वॅटपर्यंतच्या प्रक्षेपणासाठी परवानामुक्त केला आणि त्याच महिन्यात बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची किमान व्याख्या २५६ केबीपीएस होती. बाजारात मात्र तोवर ५४ एमबीपीएसचे ‘जी’ आवृत्तीचे राउटर आले होते, आणि दोन चॅनल (पट्ट्यातल्या मार्गिका) एकत्र करून ‘१०८’ छापलेलेही. पुन्हा दोनशे पटींचं अंतर. त्या काळात ५४ ऐवजी १०८ चा राउटर घेणाऱ्याला नेटवर काडीचाही फरक दिसला नाही, दिसणं शक्यच नव्हतं.

त्या ४ वॅटच्या मर्यादेतून अँटेनांची गोष्टही उलगडते. ही मर्यादा अँटेनाने सिग्नल एकवटल्यानंतरच्या शक्तीवर आहे. अँटेना लांब किंवा जास्त ‘डीबीआय’ची (सिग्नल एकवटण्याचं माप) घेतली म्हणून नवी शक्ती तयार होत नाही. गोल पसरणारा सिग्नल आडव्या पातळीत दाबला जातो. एकाच मजल्यावरच्या लांबट घराला त्याचा फायदा होतो, पण दुमजली रो-हाउसमध्ये वरचा मजला उपाशी राहतो. तिथे एक अँटेना उभी ठेवून दुसरी आडवी केली तर बऱ्याचदा फुकटात काम होतं. आणि कनेक्शन दोन बाजूंनी चालतं. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला तरी फोनचा क्षीण आवाज राउटरपर्यंत परत पोचायला हवा. फोनवर सिग्नलच्या दांड्या भरलेल्या आणि पान मात्र उघडत नाही, याचं नेहमीचं कारण हेच.

राउटरच्या इतिहासात जास्त पैसे देणं पहिल्यांदा खऱ्या अर्थाने सार्थ ठरलं ते वेगामुळे नव्हे. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी २००२ च्या शेवटी आला. तो लिनक्सवर चालतो हे लोकांच्या लक्षात आलं आणि लिनक्सच्या परवान्याप्रमाणे कंपनीला २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. नंतर कंपनीने त्याच नावाच्या पाचव्या आवृत्तीत खर्च वाचवण्यासाठी रॅम १६ वरून ८ एमबी आणि फ्लॅश ४ वरून २ एमबी केली आणि लिनक्सही काढून टाकलं. खोक्यावरचा ५४ तसाच राहिला. ज्यांना जुनं अंतरंग हवं होतं त्यांच्यासाठी २००५ मध्ये ‘जीएल’ हे मॉडेल वेगळं काढलं गेलं, आणि ते वर्षानुवर्षं विकलं गेलं. रेडिओ तोच, आकडा तोच. लोक पैसे देत होते ते मेमरीसाठी आणि सॉफ्टवेअर दुरुस्त होत राहील या खात्रीसाठी.

सॉफ्टवेअरची गरज किती खरी आहे हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या साखळी स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना आलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घराच्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. घरातल्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्यांचं नेटवर्क दुसऱ्याने वापरलं होतं. त्यानंतर मुंबई पोलिसांनी उघडी नेटवर्क तपासायची मोहीम घेतली. तोवर ‘वेप’ हे जुनं कूटलेखन निरुपयोगी ठरून सात वर्षं झाली होती, तरी कितीतरी राउटरांत ते तसंच चालू होतं. २०११ च्या शेवटी डब्ल्यूपीएसमधला, म्हणजे पासवर्डऐवजी बटणाने वा पिनने जोडायच्या सोयीतला, दोष बाहेर आला: आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणून कोट्यवधींऐवजी अकरा हजार प्रयत्नांत ती सापडते. २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ या घातक सॉफ्टवेअरने जगभरात सुमारे पाच लाख राउटर आणि तत्सम उपकरणं ताब्यात घेतली.

म्हणून नवा राउटर लावल्यावर पहिली दहा मिनिटं इथे घालवावीत. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ उघडा (नेमका पत्ता राउटरच्या तळाच्या लेबलवर असतो), ॲडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस बंद करा, रिमोट मॅनेजमेंट बंद करा, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि सुरक्षेत डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ (‘वेप’नंतरची कूटलेखनं) मिश्र ठेवा. नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुना प्रिंटर किंवा स्मार्ट प्लग जोडला जात नाही. घेण्याआधी त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर कधीचं आहे ते कंपनीच्या सपोर्ट पानावर पाहावं. दोन वर्षं अपडेट नसलेला राउटर कितीही देखणा असला तरी घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

मधल्या वर्षांत वेग उड्या मारत गेला. २००९ च्या ‘एन’ने एकाच वेळी अनेक अँटेनांवरून वेगवेगळे प्रवाह पाठवले. २०१३ च्या ‘एसी’ने ५ गिगाहर्ट्झमध्ये ८० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनल वापरले. भारतात त्याला पुरेशी जागा मिळाली ती ऑक्टोबर २०१८ मध्ये, जेव्हा ५ गिगाहर्ट्झमधले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले. मुंबई-पुण्याच्या दाट सोसायट्यांना हा मोठाच दिलासा होता. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि वीस शेजारी त्या तिघांत कोंबलेले. ५ मध्ये गर्दी विरळ, पण भिंतीपुढे तो लवकर हरतो. अंतराने होणारी घट सारख्या अंतरावर साधारण ७ डेसिबलने जास्त असते, आणि काँक्रीटची भिंत वा स्लॅब आला की फरक आणखी वाढतो.

आता खोक्यावरच्या आकड्याची फोड. ‘एएक्स’ म्हणजे ‘एसी’नंतरची आवृत्ती, वायफाय ६. ‘एएक्स ३०००’ म्हणजे २.४ वरचे ५७४ आणि ५ वरचे २४०२ एमबीपीएस, अशी बेरीज. फोन एका वेळी यातला एकच बँड (पट्टा) धरतो. २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झचा चॅनल लागतो. फोनला तो जमत नसेल तर जोडणी १२०१ वर होते. हवा ही एकाने बोलावं आणि बाकीच्यांनी थांबावं अशी सामायिक जागा असल्यामुळे त्यातले साठ-सत्तर टक्के हाती लागतात, तेही त्याच खोलीत. १६० चा चॅनल रडारच्या वाट्याच्या भागात शिरतो; तिथे राउटरला आधी किमान एक मिनिट ऐकावं लागतं आणि रडारची चाहूल लागली की चॅनल सोडावा लागतो. अधूनमधून नेट काही सेकंद जाऊन परत येत असेल तर चॅनल ३६ आणि रुंदी ८० करून पाहा. ‘एएक्स ५४००’मध्ये ५ वर चार प्रवाह असतात, पण बहुतेक फोनांत दोनच अँटेना असतात. उरलेले दोन प्रवाह एका फोनचा वेग वाढवत नाहीत. दूरच्या खोलीतली जोडणी थोडी स्थिर करतात, इतकंच.

सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबरची व्यावसायिक सेवा १०० एमबीपीएसपासून सुरू झाली, इतर कंपन्यांनीही वेग वाढवले, आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीत सगळं घर एकदम ऑनलाइन आलं. तार मोठी झाली आणि अडचण सरकली: काहींची पोर्टवर, काहींची भिंतीत.

पोर्टची अडचण सर्वांत जास्त नजरेआड राहते. स्वस्तातल्या बऱ्याच ‘एसी १२००’ राउटरांना १०/१०० चे पोर्ट असतात. त्यातून ९४ एमबीपीएसच्या आसपासच मिळतात, तुमचा प्लॅन २०० चा असो की ३०० चा. खोक्यावर १०/१००/१००० किंवा ‘गिगाबिट’ लिहिलेलं हवं, आणि वॅन पोर्टसाठीही, म्हणजे बाहेरून नेट येतं त्या पोर्टसाठी. पोर्ट गिगाबिट असूनही वेग ९४ वर अडला असेल तर केबलचं टोक उजेडात धरा. पारदर्शक प्लास्टिकमधून आठ तारा मोजता येतात. जोडणी करणाऱ्याने चारच तारा घातल्या असतील, म्हणजे १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या, तर १०० चालतं पण गिगाबिट चालत नाही. क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. एखादी तार पिनेपर्यंत पोचली नसेल तरी परिणाम तोच. हे टोक नव्याने बसवण्याचा खर्च नव्या राउटरपुढे नगण्य आहे.

भिंतीची अडचण जागेने सुटते. फायबरचा डबा बहुतेक घरांत दारापाशी, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे बसवतात. तिथून दहा-पंधरा मीटर कॅट-६ केबल ओढून राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला ठेवला तर दोन हजारांचा राउटर वीस हजारांच्या राउटरला मागे टाकतो. ते जमत नसेल तर मेश, म्हणजे घरभर ठेवलेले आणि एकच नेटवर्क बनवणारे अनेक डबे. घरगुती मेश २०१६ मध्ये ईरो आणि गूगल वायफायमुळे लोकप्रिय झालं. साध्या मेशमध्ये एकच रेडिओ फोनशीही बोलतो आणि पुढच्या डब्याशीही, म्हणून बिनतारी टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. त्यासाठी वेगळा तिसरा बँड असलेले संच महाग असतात. दोन डब्यांमध्ये केबल टाकता येत असेल तर त्या तिसऱ्या बँडचे पैसे वाचतात.

स्वतःचा राउटर जोडताना कंपनीच्या डब्यात ब्रिज मोड (डबा नेट नुसतं पुढे देतो) मागावा आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लॉगिनचं, नाव-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरावा. ब्रिज मोड देत नसतील तर आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (फक्त वायफाय पुरवणारा) लावावा, नाहीतर दोन्ही डब्यांत मिळून दोनदा नेटवर्कचे पत्ते बदलून गेम आणि व्हीपीएन अडतात.

‘गेमिंग’ राउटरांनी ज्या दुखण्यावर औषध म्हणून जाहिरात केली ते दुखणं वेगळंच होतं. घरात कुणी फोटो अपलोड करायला घेतले की व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण उपकरणातली माहितीच्या तुकड्यांची रांग फार लांब होते. संगणकतज्ज्ञ जिम गेटीज यांनी २०१० च्या सुमारास याकडे लक्ष वेधलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ही रांग आटोक्यात ठेवणारी ‘कोडेल’ पद्धत मांडली आणि तिच्यापासून निघालेल्या पद्धती ओपनडब्ल्यूआरटीत आल्या. सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ (रांग सांभाळायची सोय) असेल तर ते चालू करून दोन्ही दिशांचा वेग मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधावा. याला अँटेना लागत नाहीत, चांगला प्रोसेसर लागतो. ३००-५०० एमबीपीएसच्या लाइनवर हे काम स्वस्त राउटरला झेपत नाही, आणि इथे थोडे जास्त पैसे देणं आम्हाला रास्त वाटतं.

वीज जाते तिथे आणखी एक गोष्ट पाहावी. साध्या राउटरचा ॲडॉप्टर १२ व्होल्ट, १ किंवा १.५ अँपिअरचा असतो आणि मिनी यूपीएस त्याला नीट पेलतो. मोठ्या मॉडेलांना ३-४ अँपिअर लागू शकतात, काहींना १९ व्होल्ट. असे राउटर त्या यूपीएसवर सुरू होताना पुन्हा पुन्हा बंद पडतात. काहींना ९ व्होल्ट लागतात, त्यांना १२ ची पिन लावू नये. फायबरच्या डब्यालाही याच यूपीएसवर घ्यावं लागतं, नाहीतर राउटर जागा आणि नेट झोपलेलं.

सध्या सगळ्यांत जोरात विकला जाणारा शब्द वायफाय ७. त्याचं प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याचा मोठा फायदा ६ गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात आणि ३२० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये आहे. अमेरिकेने २०२० मध्ये १२०० मेगाहर्ट्झ उघडले. भारताच्या दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये नियमांचा जो मसुदा काढला तो ५९२५ ते ६४२५ चा, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झचा, आणि घरातल्या कमी शक्तीच्या व बाहेरच्या अतिशय कमी शक्तीच्या वापरासाठी. त्यात ३२० चा एकच चॅनल बसतो. परदेशातून आणलेल्या राउटरमध्ये त्या देशाचे चॅनल भरलेले असतात, म्हणून भारतात विकली जाणारी आवृत्तीच घ्यावी. आणि खोक्यावर ‘बीई ३६००’ (‘बीई’ म्हणजे वायफाय ७) दिसलं तर फोड पुन्हा तीच: २.४ वरचे ६८८ आणि ५ वरचे २८८२, बेरीज जवळच्या शंभरात ओढलेली. त्यात ६ गिगाहर्ट्झचा रेडिओच नाही.