कानात पाणी गेलं? तेल घालू नका

पंचगंगेच्या घाटावर पोरं पोहून वर आली, की एखाद्याच्या कानात दडा बसलेला असतोच. मग घरी ठरलेला उपाय : कोमट तेल घाला, पाणी आपोआप बाहेर येतं.

येत नाही. तेल पाण्याहून हलकं. ते वर तरंगतं आणि पाणी आत पडद्यापाशीच कोंडून राहतं. मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. तिथं ओल टिकली की कातडी मऊ पडते, जंतू वाढतात, ठणका लागतो. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं. म्हणून कळकळीनं सांगतो, बाटली ठेवून द्या.

त्याऐवजी तो कान खाली येईल अशी मान कलती करा आणि कानाचं वरचं टोक वर-मागे हळूच ओढा. लहान मुलांची पाळी मात्र खाली-मागे. वाकडी नळी सरळ होते आणि कोमट थेंब गालावर ओघळतो. मग बाहेरून टॉवेलनं टिपायचं, एवढंच. काडी किंवा बड घातला तर मळ आणखी आत जातो.

दुसऱ्या दिवशीही दडा सुटला नाही, तर बहुधा मळ भिजून फुगलेला असतो. दुखलं, पू आला किंवा ऐकू कमी आलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा.