‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे विषबाधा नाही, असे नव्हे

रक्तातील कोलिनएस्टरेज या एन्झाइमची तपासणी नॉर्मल आली की फवारणीचे विष अंगात गेलेले नाही, हा समज जुना आणि घातक आहे. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके हे एन्झाइम निकामी करतात. परंतु त्याची मूळ पातळी माणसागणिक इतकी वेगळी असते की, समजा एखाद्या मजुराची पातळी 10,000 युनिटवरून 6,000 वर, म्हणजे 40 टक्क्यांनी घसरली, तरी 5,000 ते 12,000 अशी मर्यादा छापणारी प्रयोगशाळा ती नॉर्मलच ठरवील. म्हणून हंगामापूर्वी, किमान 30 दिवस या कीटकनाशकांशी संपर्क नसताना, मूळ पातळी मोजावी आणि पुढची तपासणीही त्याच प्रयोगशाळेत करावी. 2017 मध्ये फवारणीने शेतकऱ्यांचे बळी घेतलेल्या यवतमाळात तरी ही नोंद मजुराच्या हाती असायलाच हवी. मात्र घाम, लाळ, डोळ्यांच्या आकसलेल्या बाहुल्या दिसत असतील, तर डॉक्टरांनी रिपोर्टसाठी अ‍ॅट्रोपिन हा उतारा देणे लांबवू नये.