मोसुओ: घर आईचे, गादी बापाची

चीनच्या युन्नान आणि सिचुआन प्रांतांच्या सीमेवर, सुमारे २,७०० मीटर उंचीवर लुगू सरोवर आहे. त्याच्या काठी आणि शेजारच्या योंगनिंग खोऱ्यात साधारण ४०,००० मोसुओ लोक राहतात. पर्यटनाच्या जाहिरातींत या भागाला सर्रास ‘स्त्रीराज्य’ म्हणतात. त्यात अर्धेच तथ्य आहे.

घर मात्र खरोखरच आईचे. आजी, तिची मुले-मुली आणि मुलींची मुले एकत्र राहतात; सासर हा प्रकारच नाही. पुरुष रात्री जोडीदारणीकडे जातो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परततो. मुलांना वाढवायचे मामाने, आणि म्हातारपणी मामाला सांभाळायचे भाच्यांनी. ‘बाप कोण ते ठाऊक नसते’ ही ऐकीव गोष्ट आहे. बहुतेकांना तो ठाऊक असतो, फक्त पोसण्याचा भार त्याच्यावर नसतो. चुलीच्या मोठ्या खोलीत एकाच झाडाचे दोन खांब असतात, एक बाईचा, एक पुरुषाचा. तेराव्या वर्षी मुलगी बाईच्या खांबापाशी, एक पाय धान्याच्या पोत्यावर आणि दुसरा खारवलेल्या डुकरावर ठेवून उभी राहते आणि पहिल्यांदा घागरा नेसते.

सत्तेचे गणित वेगळे होते. मंगोल युआन राजवटीपासून इथे बादशहाने नेमलेले वंशपरंपरागत सरदार, म्हणजे तुसी, कारभार पाहत. त्यांची गादी बापाकडून मुलाकडे जाई आणि त्यांच्या वाड्यात रीतसर लग्ने होत. रयतेत बापाकडून वारसा सांगणारी घराणीच नसली, तर गादीला आव्हान देणार कोण? काही अभ्यासकांच्या मते तुसींना ही रीत सोयीचीच होती. शिवाय कित्येक पुरुष घोड्या-खेचरांच्या तांड्यांबरोबर तिबेटकडे जात, कित्येक लामा होत. शेत आणि कोठार बायकांच्या हाती राहिले ते असे.

१९५६ मध्ये तुसींची सत्ता संपली. पुढे सांस्कृतिक क्रांतीत या चालीला मागास ठरवले गेले. १९७५ च्या मोहिमेत जोडप्यांना लग्नाची नोंदणी करून एकत्र नांदायला भाग पाडले. केरळात नायर समाजाच्या तरवाडांची, म्हणजे आईच्या बाजूने चालणाऱ्या एकत्र घराण्यांची, सामाईक मालमत्ता संपवणारा कायदाही योगायोगाने १९७५ चाच, पण लागू झाला १९७६ अखेरीस. तिथे त्याआधीच्या अनेक दशकांत तरवाड मोडतच आले होते. लुगूकाठी मात्र मोहिमेचा जोर ओसरताच बरीच जोडपी आपापल्या आईकडे परतली.

सरकारदरबारी मोसुओंना आजही स्वतंत्र जमात म्हणून मान्यता नाही. युन्नानमध्ये त्यांची गणना नाशींमध्ये होते, सिचुआनमध्ये मंगोलांमध्ये.

१९९० नंतर पर्यटक वाढले आणि २०१५ मध्ये विमानतळही झाला. तरुण मंडळी लिजियांगसारख्या शहरांत नोकरीला जातात, रीतसर लग्नेही करतात. काठावरच्या लुओशुई गावाने मात्र पर्यटनाचा धंदा घरोघर वाटून घेतला: वल्हवायला आणि नाचायला प्रत्येक घरातून एक माणूस, आणि मिळकतीची वाटणी घरागणिक सारखी.