बोटाने फिरवलेलं चाक काहीच सांगत नाही

इनलाइन हॉकी म्हणजे एका ओळीत चाकं असलेले स्केट घालून खेळायची हॉकी. ती खेळणाऱ्याच्या हाती नवा स्केट पडला की पहिली परीक्षा ठरलेली. स्केट उलटा धरायचा, चाकाला टिचकी मारायची आणि ते किती वेळ गरगरतं ते बघायचं. जास्त वेळ फिरलं तर स्केट ‘फास्ट’. या एका परीक्षेच्या जोरावर महागडी बेअरिंग (चाकाच्या आत आसाभोवती बसणाऱ्या, गोळ्या भरलेल्या कड्या) खपतात आणि चांगल्या बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन त्यात पातळ तेल सोडलं जातं. प्रत्यक्ष खेळाशी या परीक्षेचा संबंध नावापुरताच आहे.

हवेत फिरणाऱ्या चाकावर भारच नसतो. त्याला थांबवतं ते बेअरिंगमधलं ग्रीस आणि कडेचं सील. मैदानात ८० किलोचा खेळाडू एका पायावर आला की चार चाकांपैकी प्रत्येकावर सरासरी २० किलो भार पडतो आणि सगळा हिशेबच बदलतो. आता वेग खातं ते मुख्यतः चाकाचं पॉलियुरेथेन, म्हणजे ज्या रबरासारख्या प्लॅस्टिकचं चाक बनतं ते. जमिनीला टेकलेला भाग दबतो, पुढे सरकल्यावर पुन्हा फुगतो, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. थोडी उष्णता म्हणून अंगातच जिरवतो. भौतिकशास्त्रात याला हिस्टेरेसिस म्हणतात. टिचकी मारलेल्या चाकात ही गोष्ट घडतच नाही, मग ती मोजली कशी जाणार?

बेअरिंगवरच्या ‘एबेक ७’, ‘एबेक ९’ या आकड्यांचंही तेच. १, ३, ५, ७, ९ अशी ही श्रेणी अमेरिकेतल्या बेअरिंग उत्पादकांच्या समितीने ठरवली. ती सांगते ती मापांची अचूकता, म्हणजे कड्या किती गोल आहेत आणि मापात किती फरक चालेल एवढंच. पोलाद कसं, गोळ्या किती गुळगुळीत, ग्रीस कुठलं, यातलं ती काहीच सांगत नाही. ताशी २९ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८ मीटर वेगाने जाणाऱ्या स्केटचं ८० मि.मी.चं चाक मिनिटाला साधारण १,९०० फेरे घेतं. नेहमीचं ६०८ क्रमांकाचं बेअरिंग (आतला व्यास ८ मि.मी., बाहेरचा २२) याच्या कितीतरी पट वेगाने आरामात फिरू शकतं. आकडा मोठा म्हणून स्केट जोरात पळतो, ही श्रद्धाच. त्याला भरपूर पैसे पडतात, एवढं खरं.

आता चाकांकडे वळू. हॉकीच्या स्केटला साधारण ७२, ७६ किंवा ८० मि.मी. व्यासाची चाकं असतात. गोलरक्षक यापेक्षाही लहान चाकं वापरतात. उलट शर्यतीच्या इनलाइन स्केटला ११० मि.मी.ची चार किंवा १२५ मि.मी.ची तीन चाकं असतात. मोठं चाक जर वेगवान, तर हॉकीवाले लहान चाकांना का चिकटून बसलेत?

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: लहान चाकाचं जडत्व कमी, म्हणून ते वेग पटकन पकडतं. ऐकायला पटतं आणि त्यामागे गणितही दाखवता येतं. फिरण्याला होणारा हा विरोध ‘जडत्व आघूर्ण’ या राशीने मोजतात. भरीव चकतीसाठी ते म्हणजे वस्तुमान आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराचं निम्मं. रुंदी तीच ठेवून व्यास वाढवला तर वस्तुमानही त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, म्हणजे आघूर्ण थेट चौथ्या घाताने. ७२ च्या जागी ८० मि.मी.चं चाक घातलं की ते तब्बल ५२ टक्क्यांनी जास्त. बहुतेक जण इथे थांबतात आणि विजयी मुद्रेने बघतात.

पण गणित पुढे न्यायला हवं. मोठं चाक त्याच वेगाला सावकाश फिरतं. फिरण्याची ऊर्जा काढताना आघूर्णाला कोनीय वेगाच्या वर्गाने गुणायचं, आणि कोनीय वेग म्हणजे स्केटचा वेग भागिले त्रिज्या. त्रिज्येचा वर्ग वर एकदा आला, खाली एकदा आला, दोन्ही कटले. उरतं ते वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले चार. समजा ८० मि.मी.चं चाक ७५ ग्रॅमचं आहे आणि वेग सेकंदाला ८ मीटर आहे. एका चाकाच्या फिरण्यात १.२ ज्यूल, आठ चाकांत मिळून १० ज्यूलही नाहीत. त्याच वेगाने जाणाऱ्या ८० किलोच्या खेळाडूची गतिज ऊर्जा आहे २,५६० ज्यूल. चाकं ७२ ची केली तर दहातले जेमतेम दोन ज्यूल वाचतात. अडीच हजारांत दोन! चाकाचा जड भाग कडेला असतो म्हणून आकडा थोडा वाढवून घ्या, तरी निष्कर्ष हलत नाही.

जाणवतं ते चाकाचं वजन, पण वेगळ्या वाटेने. ७२ ची चार चाकं ८० च्या चारांपेक्षा एका पायामागे ५५-६० ग्रॅमने हलकी पडतात, आणि पाय प्रत्येक ढकलीनंतर उचलून पुढे आणावा लागतो. सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत मांड्यांना हे कळतं.

मोठ्या चाकाचा घर्षणातला फायदा खरा आहे, पण तो किती यावर मोठा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ कूलॉम्ब यांनी लाकडी रूळ घरंगळवून सांगितलं की लोटण घर्षण (घरंगळणाऱ्या चाकाला होणारा विरोध) त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतं. १८३७ च्या सुमारास ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने म्हटलं की नाही, ते व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतं, आणि कूलॉम्ब यांची बाजू घेणाऱ्या मोरँ या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याशी त्यांचा चांगलाच वाद झाला. या घर्षणाचं मूळ पृष्ठभागाच्या चिकटण्या-घसरण्यात फारसं नसून पदार्थाच्या आत होणाऱ्या हिस्टेरेसिसमध्ये आहे, हे केंब्रिजच्या डेव्हिड टेबर यांनी १९५० च्या दशकात नीट दाखवलं. पॉलियुरेथेनच्या चाकाला द्युपुईंचा नियम लावला तर ७२ वरून ८० वर गेल्याने लोटण घर्षण पाचेक टक्क्यांनी घटतं. शर्यतीत पाच टक्के म्हणजे पुष्कळ. हॉकीत सरळ रेषेत सलग जायला मिळतं कुठे? दर दोन-तीन सेकंदांना वळायचं, थांबायचं, उलटं फिरायचं असतं.

आणि इथे चाकाच्या मापाचा खरा परिणाम दिसतो. चाकाचं माप चासीची, म्हणजे बुटाखाली चाकं धरून ठेवणाऱ्या सांगाड्याची, लांबी ठरवतं. चाकं एकामागे एक असतात, म्हणून दोन चाकांमध्ये २ मि.मी. फट धरली तर ८० च्या चार चाकांचा व्हीलबेस, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या चाकाच्या आसांमधलं अंतर, २४६ मि.मी. होतो. ७२ च्या चार चाकांचा २२२ आणि ११० च्या चारांचा तब्बल ३३६. वळणं कठीण करतो तो हा व्हीलबेस.

जड टेबल जागच्या जागी फिरवून बघा. पाय मधल्या बिंदूपासून जितके लांब, तितका जोर जास्त लागतो, कारण प्रत्येक पाय जमिनीवर आडवा घासतो. स्केटची चाकं पुढे-मागे फिरायला मोकळी असतात, आडवी मुळीच नाहीत. स्केटचं तोंड वळवायचं म्हणजे चारही चाकांना थोडं थोडं आडवं घासायला लावायचं. भार चारांवर सारखा असेल तर लागणारा टॉर्क, म्हणजे पिळून फिरवण्याचा जोर, चाकांच्या मध्यापासूनच्या सरासरी अंतरावर अवलंबून असतो. ८० च्या सपाट चासीत (चारही चाकं एकाच वेळी जमिनीला टेकतात अशा) मधली दोन चाकं मध्यापासून ४१ मि.मी.वर, टोकाची दोन १२३ वर, म्हणजे सरासरी ८२. ७२ च्या चासीत हीच सरासरी ७४. दहा टक्के बचत, तीही दर वळणाला.

चालत्या वळणात हेच वेगळ्या रूपात दिसतं. सेकंदाला ५ मीटर वेगाने ३ मीटर त्रिज्येचं वळण घ्या, अंग सुमारे ४० अंश कलतं. चासी सरळ आहे, मार्ग मात्र वर्तुळाकार, त्यामुळे टोकाच्या चाकाचं तोंड एकीकडे असतं आणि त्याला जावं लागतं दुसरीकडे. मध्यापासून १२३ मि.मी.वरच्या चाकासाठी हा फरक २.३ अंशांचा, मधल्या चाकांसाठी जेमतेम ०.८ अंश. आकडे किरकोळ वाटतील, पण त्या अंशांपायी टोकाच्या चाकाचं पॉलियुरेथेन दर फेऱ्याला कडेला ओढलं जातं आणि सोडलं जातं. वळणातून बाहेर पडताना वेग उतरलेला जाणवतो, त्यात या ओढाताणीचा मोठा वाटा आहे.

बर्फावरच्या स्केटला हा त्रास नाही, कारण पातं लांबीच्या दिशेने किंचित कमानदार घासलेलं असतं. हॉकीच्या पात्याच्या कमानीची त्रिज्या साधारण ३ मीटर. बर्फाला टेकतो तो मधला छोटा भाग, टोकं हवेत. या कमानीला रॉकर म्हणतात. आता गंमत बघा. ३ मीटर त्रिज्येच्या कमानीवर मध्यापासून १२३ मि.मी.वरचा बिंदू सुमारे २.५ मि.मी. उचललेला असतो, ४१ मि.मी.वरचा फक्त ०.३. फरक सव्वादोन मि.मी.चा. आणि ८० च्या सपाट चासीत टोकाची दोन चाकं काढून ७६ ची घातली तर त्यांची कड जमिनीपासून बरोबर २ मि.मी. उचलली जाते. म्हणजे ७६-८०-८०-७६ अशी मांडणी बर्फाच्या पात्याची जवळजवळ हुबेहूब नक्कल आहे! भार मधल्या दोन चाकांवर आला की सरासरी अंतर ८२ वरून ४१ वर येतं. व्हीलबेस कमी करून मिळाले दहा टक्के, रॉकरने लागणारा जोर थेट निम्म्यावर आणला.

अर्थात हे फुकट मिळत नाही. स्केट दोन चाकांवर उभा राहिला की पुढे-मागे डोलतो, १.४ अंश कलला की टोकाचं चाक टेकतं. सवय नसलेल्याला वाटतं, पाय निसटतोय. दोनच चाकांवर भार आल्याने ती जास्त दबतात आणि लवकर झिजतात. शिवाय मऊ चाकं भाराखाली इतकी दबतात की उचललेल्या २ मि.मी.तला काही भाग बुजून जातो. म्हणून तोच रॉकर हलक्या आणि जड खेळाडूला सारखा लागत नाही. काही चासी तर दोन तुकड्यांत बनवून मध्ये डोलत्या ठेवतात, म्हणजे चारही चाकं जमिनीवर आणि पाय मात्र कमानीवर. कल्पना सुरेख आहे, वजन थोडं वाढतं.

पुढे दोन ७२ ची, मागे दोन ८० ची अशी ‘हाय-लो’ चासी हॉकीत फार चालते आणि तिच्याबद्दल एक भन्नाट समजूत आहे. मागची चाकं मोठी असल्याने स्केट कायम उतारावर असल्यासारखा पुढे पळतो म्हणे. तसं असतं तर सपाट मैदानावर ठेवलेला स्केट आपणहून चालू लागला असता आणि शाश्वत गतीचं यंत्र हॉकीच्या सामन्यात सापडलं असतं. चारही चाकं एकाच सपाट जमिनीला टेकतात, जमीन त्यांना सरळ वर ढकलते, पुढे नाही. बूट कितीही तिरका ठेवा.

हाय-लोचा खरा फायदा तिच्या भूमितीत आहे. ७२ च्या चाकाचा माथा ८० च्या चाकाच्या माथ्यापेक्षा ८ मि.मी. खाली असतो, त्यामुळे चवड्याखालची चासी खाली घेता येते. पाय जमिनीच्या जवळ येतो, टाच आपोआप उंच राहते आणि गुडघे वाकवून पुढे झुकलेली हॉकीची बैठक सोपी जाते. व्हीलबेस २३४ मि.मी. पडतो, म्हणजे सगळी चाकं ८० ची असतील तर त्यापेक्षा १२ मि.मी. कमी. वळणातला फायदा मात्र पाच टक्क्यांच्याच आसपास; जाहिराती वाचून तो पन्नास वाटतो. आणि पाय अमर्याद खाली आणता येत नाही, फार कलल्यावर बुटाची कड जमिनीला लागते.

चासीचा धातू हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. थोडक्यात सांगायचं तर ॲल्युमिनियमची घनता घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम, मॅग्नेशियमची १.७४, मॅग्नेशियम हलकं, पण त्याची ताठरताही त्याच बेताने कमी, म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात. चासी लवचिक असेल तर पायाच्या ढकलीतला काही जोर तिला वाकवण्यात जातो. चाकांचा कडकपणा शोर ‘ए’ मापावर सांगतात; आकडा जितका मोठा, तितकं चाक कडक. टाइल्सच्या मैदानावर ७४-७६ ची मऊ चाकं पकड देतात, तीच डांबरावर खोडरबरासारखी उडून जातात. तिथे ८२ च्या पुढची लागतात. फार मऊ चाक घेतलं तर आडवं घसरून थांबता येत नाही, आणि हॉकीच्या स्केटला टाचेचा ब्रेक नसतो.

चाकांची झीज सारखी होत नाही, ढकलीची आतली कड आधी जाते. म्हणून अदलाबदल करायची. सगळी चाकं ८० ची असतील तर दोन्ही पायांतली कुठलीही चाकं कुठेही लावता येतात, हाय-लोमध्ये मात्र ७२ ची ७२ मध्ये आणि ८० ची ८० मध्येच. झिजून ७७ झालेली ८० ची चाकं फेकू नका, दोन टोकांना लावा: दीड मि.मी.चा रॉकर मिळतो. हाय-लोला तसाच हवा असेल तर झिजलेलं ७२ पुढच्या टोकाला आणि झिजलेलं ८० मागच्या टोकाला.