धाक वेगळा, चौकट वेगळी

संबंधात्मक सत्ता सगळ्यांना कळते. 'अ'ने 'ब'ला असे काही करायला लावले, जे 'ब'ने एरवी केले नसते. ऑक्टोबर 1973मध्ये अरब देशांनी अमेरिका आणि नेदरलँड्सचे तेल तोडले ते इस्रायलची पाठराखण थांबावी म्हणून. मागणी उघड, दबावही उघड.

घोळ होतो तो संरचनात्मक सत्तेपाशी. इतरांना ज्या चौकटीत वागावे लागते, ती चौकट घडवणारी ही सत्ता. 'म्हणजे खूप मोठा दबाव' असे उत्तरपत्रिकांत तर असतेच, अग्रलेखांतही असते. काही जण तिलाच मृदू सत्ता (आकर्षणाने मन वळवणे) म्हणतात, ते तर साफ चूक. आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्राच्या अभ्यासक सुसान स्ट्रेंज यांनी सांगितलेल्या सुरक्षा, उत्पादन, वित्त, ज्ञान या चार संरचना मुलांना तोंडपाठ असतात. पण ही सत्ता चालते कशी, ते विचारले की गाडी अडते.

1973नंतर काय झाले ते बघा. तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला, पण विक्री डॉलरमध्येच राहिली. तेलाचा बराच पैसा न्यूयॉर्क-लंडनच्या बँकांत गेला. बँकांनी तो मेक्सिको, ब्राझीलला कर्जाऊ दिला, तोही डॉलरमध्ये आणि बहुतांशी बदलत्या व्याजदराने. ऑक्टोबर 1979मध्ये फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी अमेरिकेतली महागाई मोडायला पतपुरवठा आवळला आणि व्याजदर भडकले. ऑगस्ट 1982मध्ये मेक्सिकोने हात वर केले: हप्ते भरणे जमत नाही.

यात वॉशिंग्टनने मेक्सिकोला काय करायला सांगितले होते? काहीच नाही. 'मग हेतूच नव्हता, तर सत्ता कसली?' हा प्रश्न मला दरवेळी ऐकावा लागतो. हेतूची अट पहिल्या प्रकाराची आहे, ती इथे लावूच नका. व्होल्करांनी घरच्या महागाईसाठी घेतलेल्या निर्णयाने मेक्सिकोचा हप्ता फुगला. मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने स्वतःचा दर कितीही हलवला असता, तरी अमेरिकेच्या स्वतःच्या कर्जाचा हप्ता जागचा हलला नसता. सत्ता आहे ती या विषमतेत.

'निर्बंध म्हणजे संरचनात्मक सत्ता' हे सरसकट विधानही मला खटकते. मे 2019मध्ये भारताने इराणचे तेल घेणे थांबवले. 'घेऊ नका' ही अमेरिकेची मागणी संबंधात्मकच होती. ती झुगारता आली नाही, कारण तेल कंपन्या, बँका, जहाजांचे विमे सगळे डॉलरच्या व्यवस्थेत गुंतलेले होते. संरचनात्मक म्हणायचे ते या गुंतण्याला.